थांबलेले ठिपके

१

रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला आणणारा माणूस निदान घरूनच करून येतो. मशीन काउंटरवर ठेवता ठेवता तो म्हणतो, "मोटार गेली असणार." मी मान डोलावतो. मोटार सहसा गेलेली नसते. पट्टा सैल झालेला असतो, नाहीतर वेग कमीजास्त करायच्या बटणात धूळ साचलेली असते. मी ती काढतो, मशीन सुरळीत चालायला लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असल्या कामात वाद घालावा लागत नाही म्हणून मला ते आवडतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि कानावर तर त्याहून नाही. कान लाडावलेला असतो. त्याला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो.

वेग तपासायला आमच्याकडे ठिपके असतात. रेकॉर्ड जिच्यावर फिरते त्या जड थाळीच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग असते आणि शेजारी एक लालसर दिवा. हा दिवा विजेच्या ठेक्यावर लुकलुकतो, इतका भरभर की डोळ्याला कळत नाही. थाळीचा वेग बरोबर असला की त्या उजेडात फिरणारे ठिपके जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. थाळी मंदावली की ते मागे सरकतात, जोरात गेली की पुढे. यात कोणाच्या मताला जागा नाही.

वहिनी मात्र कधी निदान करत नसे. एके दिवशी सकाळी तिने दुकानात फोन केला आणि म्हणाली, "बारक्या, ह्यांचं मशीन दमल्यासारखं करतंय रे."

माझी दाढी पांढरी झाली तरी तिच्या लेखी मी बारक्याच. ती लग्न होऊन आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो आणि आमची आई जाऊन वर्ष झालं होतं. माझे केस विंचरायचे, कान धरून गणितं करून घ्यायची, तापात उशाशी बसायचं, हे सगळं तिने केलं. तिला मूलबाळ झालं नाही. दादा माझा भाऊ होता आणि वहिनी माझी आई होती. घरात हे कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

दादा गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून मी आणि बायको तिच्या मागे लागलो होतो की आमच्याकडे येऊन राहा. मागची खोली आम्ही रिकामी करून ठेवली होती, पडदेसुद्धा तिच्या आवडीच्या रंगाचे लावले होते. ती दर वेळी "बघू" म्हणायची. मी तिच्या "बघू"ला चांगला ओळखून होतो. आम्ही तिला एकटं मरू देणार नव्हतो, एवढं आमचं दोघांचं ठरलं होतं.

२

तिचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. पुढच्या खोलीत रस्त्याकडची खिडकी, खिडकीपाशी तिची खुर्ची, भिंतीशी दादाची, आणि दोन्हींच्या मध्ये बुटक्या कपाटावर प्लेअर. कपाट भिंतीला चिकटून. प्लेअरला बाजूला एक लहानशी डबी जोडलेली, तोच वेगाचा कंट्रोलर. मी पिशवी उघडून जमिनीवर बसलो. वहिनीने चहाचा कप शेजारी ठेवला आणि ती आपल्या खुर्चीत बसली.

"सगळ्याच रेकॉर्डला करतंय?" मी विचारलं.

"नाही ना. एकाच."

ती कोणती ते मला विचारावं लागलं नाही. लग्नाआधी दादा एका रेकॉर्डिंग स्टुडिओत वायरी गुंडाळायच्या कामाला होता. तिथे मालक जेवायला गेलेला पाहून त्याने एका कोऱ्या तबकडीवर स्वतःचं बोलणं कोरून घेतलं आणि वहिनीला पाठवलं. त्या तबकडीची दुसरी प्रत नाही. तिच्यात गाणं नाही, काही नाही, नुसती दादाची बडबड. खोली घेतली की तुझी खुर्ची खिडकीपाशी, माझी भिंतीशी. तू बोलत जा, मी ऐकत जाईन, मधेच डुलकी लागली तर रागावू नकोस. असं करत करत सुई आत येते आणि दादा म्हणतो, "आता जागा संपत आली. बाकीचं घरी आल्यावर सांगतो." मग खरखर, आणि संपलं.

मी ती लावली. दादाचा आवाज खोलीत आला. बडबड व्यवस्थित चालली होती. "आता जागा" पर्यंत सगळं ठीक होतं, आणि मग तो आवाज खाली बसायला लागला. "संपत आली" हे शब्द लांबले, जाड झाले. ठिपके मागे सरकले. थाळीच्या कडेवर कोणी हलकेच बोट टेकवावं तशी ती रोखली गेली आणि मग पुन्हा सुटली.

पट्टा जुना होता, बदलला. बटण उघडून साफ केलं, मोटारीला तेलाचा थेंब दिला. पुन्हा लावून पाहिलं, ठिपके खिळल्यासारखे थांबले. मी समाधानाने कप उचलला. इतक्या वेळात चहा गार होऊन वर साय धरली असेल असं धरून मोठा घोट घेतला आणि जीभ पोळली. वाफ निघत होती.

"गरम करून आणलास का?"

"मी कुठे उठले?" वहिनी म्हणाली. "दिवा लावू का रे? दिसत नाही."

खिडकीबाहेर खरंच संध्याकाळ झाली होती. मी दुपारच्या जेवणाआधी आलो होतो. कामात माणसाला भान राहत नाही, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. ते मी स्वतःलाही सांगितलं आणि निघालो.

३

घरी बायकोने जेवण झाकून ठेवलं होतं आणि तोंडही फुगवून ठेवलं होतं. "एक पट्टा बदलायला दिवस लागतो का हो? सांगून तरी जायचं."

माझं मनगटी घड्याळ मागे पडलं होतं. मी दुसऱ्या दिवशी त्यात नवा सेल घातला.

वहिनीचा पुन्हा फोन आला तेव्हा मात्र मी कंट्रोलर सोडवून दुकानात आणला. टेबलावर दुसऱ्या एका प्लेअरला जोडून सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत चालवला. एक ठिपका इकडचा तिकडे झाला नाही. तरीही त्यातले जुने भाग उपटून नवे बसवले, तारांचे जोड पुन्हा सोल्डर केले, डबी आतून पुसून काढली. असं यंत्र सगळ्यात वाईट. जे बंद पडतं ते सांगतं तरी कुठे दुखतंय. जे डॉक्टरांपुढे ठणठणीत आणि घरी जाऊन आजारी, त्याने माणसाच्या नाकी नऊ येतात.

"एक सांगू?" बायको म्हणाली. "मशीनला काही झालेलं नाही. त्यांना एकटं वाटतं म्हणून तुम्हाला बोलावून घेतात. मीसुद्धा तेच केलं असतं."

हे मला पटलं. अगदी हायसं वाटलं म्हणा ना. मी ठरवलं की या खेपेला कंट्रोलर बसवायचा, आणि वहिनीला सामानासकट घेऊनच यायचं.

४

दार उघडायला तिला वेळ लागला. ती वाळली होती, पण चेहरा शांत होता. पडदे ओढलेले होते. ठिपके अंधारात चांगले दिसतात म्हणून मीच कधीतरी तिला तसं सांगितलं होतं. मी कंट्रोलर जोडला, रेकॉर्ड लावली आणि थाळीशी डोळा नेला.

ठिपके स्थिर होते. अगदी एकसुद्धा हलत नव्हता.

पण दादाचा आवाज जाड येत होता. फार नाही, सर्दी झालेल्या माणसासारखा. दोन शब्दांच्या मधे जरा जास्त जागा वाटत होती. मी पुन्हा ठिपके पाहिले. स्थिर.

"हळू आहे ना रे?" वहिनीने विचारलं. "ह्यांचा आवाज इतका जाड नव्हता."

"हळू नाही. बरोबर आहे."

"मला हळू वाटतं. सगळंच हळू वाटतं हल्ली. भांडं घासायला घेतलं की दिवस मावळतो." तिने दाराकडे बोट दाखवलं. "मी तुमच्याकडे येते म्हणत होते, बारक्या. पिशवी भरून ठेवली आहे. इथे मला बरं वाटत नाही."

यावर मी काय बोलायला हवं होतं ते शेंबड्या पोराला कळलं असतं. पण माझ्या कामावर कोणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. मी म्हणालो, "वहिनी, कानाचं ऐकू नकोस. ठिपके खोटं बोलत नाहीत. मशीन एकदम ठीक आहे. हे बघ, स्वतः बघ."

तिने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या कपाळावरची आठी गेली. "तू म्हणतोस तर ठीकच असेल," ती म्हणाली. "मग ह्यांचं बोलून झालं की येते. आता राहिलंय किती."

"राहिलंय किती म्हणजे? संपलंच की."

सुई आतल्या कडेला पोचली होती. "बाकीचं घरी आल्यावर सांगतो" म्हणून झालं होतं. नंतरची खरखर मला पाठ आहे, ती लगेच तुटते. पण या वेळी ती चालू राहिली. खरखरीच्या तळाशी एक खोल, लांबलचक आवाज होता. लाकडी खुर्ची फरशीवरून ओढावी तसा, पण ते ओढणं संपत नव्हतं.

"बघ," वहिनी हळूच म्हणाली, "पुढे आहे अजून."

मी तिला समजावलं की रेकॉर्डच्या शेवटच्या खाचेत सुईची घरघर येते, मोटारीचं कंपन येतं. हे सगळं खरं आहे. ते सांगताना मी दादाच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. का पाहिलं नाही हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

५

टेलिफोन वाजला. म्हणजे तो टेलिफोनच होता हे मला उशिरा कळलं, कारण तो वाजत नव्हता, चिवचिवत होता. मी उचलला. पलीकडून चिरक्या आवाजात कोणी काहीतरी भरभर बडबडत होतं. कोणी पोरगं खोड्या काढतंय असं वाटून मी ठेवणार होतो, तेवढ्यात त्या बडबडीत माझं नाव ओळखू आलं, आणि मग आवाजही. बायको होती.

"जरा सावकाश बोल," मी म्हणालो. "कळत नाहीये."

चिवचिवाट वाढला, त्यात रडणं मिसळलं, आणि फोन तुटला. नंतर तिने मला सांगितलं की माझ्याकडून तिला नुसती घरघर ऐकू येत होती. आणि तो तिचा पहिला फोन नव्हता. ती आदल्या दिवसापासून करत होती.

मी खिडकीशी जाऊन पडदा सारला. खाली रस्ता होता तसाच होता, पण माणसं लगबगीने चालली होती. म्हातारीकोतारीसुद्धा. समोरच्या इमारतीची सावली रस्त्यावर पडली होती, आणि ती सरकताना दिसत होती. सावली सरकते हे आपल्याला माहीत असतं, पण सरकताना कधी दिसत नाही.

मी कारागीर माणूस आहे. मी तिथे उभा राहून विचार केला. ठिपके पाहायला दिवा लागतो. दिवा याच खोलीतला, त्याची वीजही याच खोलीतून वाहणारी. थाळी मंद झाली आणि तिच्याबरोबर दिव्याचा ठेकाही मंद झाला, माझं घड्याळ झालं, चहाचं निवणं झालं, मी झालो, तर ठिपके कसे सरकणार? ते स्थिरच राहणार. जोवर मी खोलीच्या आत आहे तोवर मला सगळं बरोबरच दिसणार. हा विचार पुरा झाला आणि त्यात मला एकही चूक सापडेना.

मी वळून प्लेअरपाशी आलो. पडद्याच्या फटीतून आलेल्या उजेडाने ठिपके फिके झाले होते. मी हाताने आडोसा केला. तेव्हा दिसलं की थाळीच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीकडे, रांगेत एक खाडा आहे. तिथले ठिपके दिसत नव्हते. त्यांच्यावर काहीतरी होतं. मी लाल दिवा त्या दिशेला वळवला.

बोटाचं टोक होतं. कडेवर हलकेच दाबलेलं, दाबाने नख पांढरं पडलेलं. कपाट भिंतीला चिकटून होतं. त्या फटीत झाडूची काडी गेली नसती. ते बोट दादाचं होतं असं मी म्हणणार नाही. मी नखापलीकडे पाहिलं नाही.

"वहिनी, ऊठ," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. चल."

ती उठली. आश्चर्य म्हणजे काही विचारलं नाही. तिने माझा चेहरा पाहिला असावा. भरलेली पिशवी दाराशीच होती. "चप्पल घालते आणि आलेच," ती म्हणाली. "तू हो पुढे."

आणि मी काय केलं? तिचा हात धरला? नाही. बिघडलेला भाग जागेवर सोडून यायचा नाही ही माझी जन्माची सवय. मी वाकून कंट्रोलर उपटला, एका हातात तो घेतला, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी घेतली आणि दाराबाहेर पडलो. उंबऱ्यातून पाय काढताना तो ओल्या चिखलातून उपसावा तसा उपसावा लागला. जिन्यावर आलो, कानातली घरघर एकदम थांबली, कुठेतरी खालच्या मजल्यावर नळ वाहत असल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं.

वहिनी दाराकडे तोंड करून उभी होती. एक पाय पुढे टाकला होता. तो जमिनीला टेकला नव्हता.

६

ती येते आहे. हे मी आधी सांगतो, कारण बायको पहिल्यांदा तिथे आली आणि किंचाळायला लागली, तेव्हा मी तिलाही हेच सांगितलं. वहिनी थिजलेली नाही, गेलेली नाही. ती चालत येते आहे. मी रोज पाहतो. तिचा पाय आता फरशीला टेकला आहे. ओठांवर हसू यायला लागलं होतं, ते जवळजवळ पूर्ण आलं आहे. तिच्यामागे खोलीत अंधार आहे आणि त्यात लाल दिवा लागलेला दिसतो. थाळी फिरते आहे की नाही ते दारातून कळत नाही. वेग धरून ठेवणारी डबी तर माझ्याकडे आहे.

ती डबी दुकानात टेबलावर आजही बिनचूक चालते. तिच्यात कधी काही बिघाड नव्हता. उलट त्या बोटाशी झगडून वेग जेवढा राखता येईल तेवढा तीच राखत होती असं मला आता वाटतं, आणि तीच मी काढून घेतली. मला रात्री झोप येत नाही. बायको म्हणते, स्वतःला खाऊ नका. पण ती एका हाताने माझा सदरा धरून ठेवते, मी दारात उभा असलो की.

कारण मी एकदा उंबऱ्यावरून आत वाकून हात घातला. वहिनीचा हात अगदी जवळ होता. मला वाटलं क्षणभरच घातला. बायकोने मला मागे खेचून पाडलं तेव्हा तिच्या अंगावर दुसरीच साडी होती आणि डोळे सुजले होते. माझे पाय लाकडासारखे झाले होते. उंबऱ्याबाहेर माझं अर्धं शरीर उपाशी उभं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं.

तिचे शेजारी विचारतात. वहिनी आमच्याकडे राहायला आली असं मी सांगतो. आमच्या मागच्या खोलीत बायकोने पलंगावर चादर घालून ठेवली आहे, आणि दर थोड्या दिवसांनी ती बदलते. ते पाहिलं की मला रडू येतं.

मग मला सुचलं की तिला आवाज द्यावा. दारातून मी किती हाका मारल्या असतील, पण माझी हाक तिच्या कानाला म्हणजे डास गुणगुणावा तशी, किंवा तेवढीही नाही. हाक तिच्या वेगाची हवी. हे तर माझंच काम होतं. मी स्वतःचा आवाज टेपवर घेतला आणि टेपच्या मोटारीला तोच कंट्रोलर जोडला, तो सर्वांत खालच्या वेगाला आणला, ती टेप दुसऱ्या टेपवर उतरवली, ती पुन्हा हळू केली, पुन्हा उतरवली. कितीदा तरी. शब्दाचाही विचार करावा लागला. "वहिनी" म्हणायचं तर तीन अक्षरं, त्यात आठवडे जाणार. म्हणून मी एकच अक्षर घेतलं. "ये."

पहिल्यांदा उतरवलेली टेप मी घरी बायकोला ऐकवली. ती भाजी निवडत होती. तिने हातातलं काम थांबवलं.

"हा तुमचा आवाज आहे?"

"मग कोणाचा असणार?"

तिने टेप बंद केली. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "हे भाऊजी बोलतायत असं वाटतं."

मी चिडलो. कोणताही पुरुषी आवाज हळू केला की जाडच होतो, आणि भावाभावांचे आवाज सारखे असायचेच, हे मी तिला टेबलावर हात आपटून सांगितलं. ती म्हणाली, "नका ना वाजवू तिथे." कानावर जायचं नाही, हे तत्त्व मी तिलाही ऐकवलं. तिने ते निमूटपणे ऐकून घेतलं.

मी मोठा स्पीकर जिन्यावर चढवला, दारात ठेवला आणि टेप चालू केली. ऐकू काहीच येत नव्हतं. एवढा खाली गेलेला आवाज माणसाला ऐकू येत नाही. फक्त स्पीकरचा पडदा श्वास घेतल्यासारखा बाहेर येत होता, आत जात होता, आणि दाराची कडी थरथरत होती. बायको पायरीवर बसली होती. मी उंबऱ्याशी उकिडवा बसलो आणि वहिनीच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिच्यापर्यंत ते पोचतंय की नाही, एवढंच मला हवं होतं.

पोचलं. टेप संपली, मी ती पुन्हा लावली, पुन्हा लावली, कितीतरी दिवस लावली, आणि एका दुपारी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. भुवया उचलल्या जात होत्या. हसू रुंदावत होतं. तिला ऐकू आलं होतं. मी बायकोचा हात धरला. मी हसत होतो आणि मला ते कळतही नव्हतं.

नंतरच्या दिवसांत तिचे डोळे माझ्यावरून सुटले.

आधी मला वाटलं ती जिना पाहते आहे. मग तिच्या गालाची कड दिसायला लागली, मग कान. मी धावत जाऊन टेप बंद केली, तिची तार उपटली, पण बोललेलं बोलून झालं होतं. तिच्या लेखी कोणीतरी तिला तिचं नाव न घेता "ये" म्हटलं होतं, आणि असं तिला आयुष्यात एकाच माणसाने म्हटलेलं होतं. ती मान वळवते आहे, मागे, भिंतीशी असलेल्या दादाच्या खुर्चीकडे. उंबऱ्याकडे टाकलेल्या पावलाची टाच उचलली जाते आहे. मी रोज सकाळी दार उघडतो आणि तिचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा थोडा कमी दिसतो.